प्रेझेंटेशनच्या आधी पोटात गोळा येतो? पहिली दोन मिनिटं सांभाळायला शिका

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला तिमाही रिव्ह्यूत आमच्या टीमचे आकडे मांडायला उभं केलं होतं, समोर चौदा-पंधरा माणसं, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी सीनियर, आणि माझ्या हातात लेझर पॉइंटर. हात तसा थोडासाच थरथरत होता, पण लेझरचा ठिपका लांबच्या पडद्यावर पडतो तेव्हा तीच थरथर कितीतरी पट मोठी होऊन दिसते, त्यामुळे माझा लाल ठिपका त्या ग्राफवर अक्षरशः नाचत होता. तो नाच बघून मी अजून घाबरलो, आवाज वर चढला, आणि तिसऱ्या स्लाईडला आल्यावर पुढे काय बोलायचं तेच आठवेना. पाचेक सेकंद गेले असतील, मला पाच मिनिटं वाटली. मग स्लाईडवरचं जसंच्या तसं वाचून कसंबसं संपवलं आणि जागेवर येऊन बसलो तेव्हा कान तापलेले होते.

नंतर शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला विचारलं, फार वाईट दिसत होतं का रे? तो म्हणाला, "काय वाईट? मध्ये थांबलास तेव्हा मला वाटलं लोकांना ग्राफ वाचायला वेळ देतोयस." मला वाटलं समजूत काढतोय. पण नाही, त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

तेव्हापासून आजपर्यंत शंभरेक प्रेझेंटेशनं दिली असतील आणि छातीत धडधडणं अजूनही थांबलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. "भीती कायमची घालवा" वगैरे माझ्याकडे नाहीये. पण धडधडत असतानाही नीट बोलता येतं, आणि त्याची तयारी कशी करायची हे आता बऱ्यापैकी माहीत झालंय, तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी हे कळू दे की शरीर नक्की काय करतंय

हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलं की धोका दिसला की शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. समोर वाघ असो की फायनान्सचे हेड असोत, शरीराला तेवढा फरक कळत नाही.

आणि तुम्ही एकटेच भित्रे आहात असं वाटत असेल तर ही गोष्ट ऐका. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांना लॅबमध्ये माणसाला खात्रीने टेन्शन आणायची पद्धत हवी होती. १९९३ मध्ये त्यांनी जी चाचणी छापली ती अशी: थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग अनोळखी पॅनलसमोर पाच मिनिटं उभं राहून मी या नोकरीला कसा योग्य आहे ते बोलायचं, पॅनलने चेहरा एकदम कोरा ठेवायचा, मानही डोलवायची नाही, आणि त्यानंतर पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, चुकलं की पहिल्यापासून. स्ट्रेसचं हार्मोन कॉर्टिसॉल वाढतं का बघायचं असेल तर जगभरातल्या लॅब आजही हीच चाचणी वापरतात. म्हणजे निर्विकार चेहऱ्यांसमोर प्रेझेंटेशन देणं हा माणसाला घाबरवायचा इतका हमखास उपाय आहे की शास्त्रज्ञांनी त्याचं हत्यार केलंय, मग सोमवारी सकाळी त्याच प्रकाराने तुमची तंतरली तर त्यात तुमचा काय दोष.

आता कामाची गोष्ट. ही धडधड पूर्ण वेळ सारखी नसते, बोलायला सुरुवात करताना ती सगळ्यात वर असते आणि पहिल्या काही मिनिटांत बऱ्याच जणांची आपोआप उतरायला लागते. अॅड्रेनलिन रक्तात फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, तुम्ही मनातल्या मनात "अरे बापरे, आता गेलो" करत त्यात नवीन भर घातली नाही तर. म्हणून वीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनचं वीस मिनिटं टेन्शन घेऊ नका. पहिली दोन मिनिटं निभावायची. खालची जवळजवळ सगळी तयारी त्या दोन मिनिटांभोवतीच फिरते.

पायरी १: भीती नक्की कशाची आहे ते कागदावर लिहा

"मला स्टेजची भीती वाटते" हे उत्तर चालणार नाही, त्यावर काही करता येत नाही. वाक्य असं लिहा: मला भीती वाटते की अमुक होईल. मग कोणाचं निघतं की अमुक साहेब असा प्रश्न विचारतील ज्याचं उत्तर मला येत नाही. कोणाचं निघतं की मध्येच ब्लँक होईन. कोणाला आपल्या नसलेल्या भाषेत बोलायचंय आणि शब्द अडकतील अशी धास्ती. कोणाला घाम आणि थरथर दिसेल याची लाज.

हे वेगळं करायचं कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. प्रश्नांची भीती असलेला माणूस रोज श्वासाचे व्यायाम करत बसला तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. त्याने बसून दहा वाईटातले वाईट प्रश्न लिहावेत आणि प्रत्येकाचं दोन-तीन वाक्यांचं उत्तर तयार ठेवावं, भीती निम्मी तिथेच उतरते. परक्या भाषेची भीती असलेल्याने छोटी वाक्यं करावीत आणि जे शब्द तोंडात बसत नाहीत ते बदलून टाकावेत, उच्चार सुधारत बसायची ती वेळ नव्हे. ब्लँक होण्याचं औषध तिसऱ्या पायरीत आहे. आणि थरथर दिसेल याची भीती असेल तर त्याला मुळात आधारच कमी आहे, कसं ते सांगतो.

केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये लोकांना भाषण द्यायला लावलं. बोलणाऱ्यांना वाटत होतं आपण घाबरलोय हे सगळ्यांना दिसतंय, ऐकणाऱ्यांना त्याच्या मानाने बरंच कमी दिसत होतं. मग त्यांनी काही जणांना भाषणाच्या आधी एवढंच समजावून सांगितलं की आतली घालमेल बाहेर वाटते तेवढी दिसत नाही, आणि नुसतं हे कळल्याने त्या लोकांची भाषणं चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. माझ्या लेझरवाल्या किश्श्यात मित्र खोटं बोलत नव्हता हे मला या संशोधनाबद्दल वाचल्यावर पटलं.

पायरी २: स्लाईड उघडायच्या आधी एक वाक्य

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अर्धी नर्व्हसनेस ही खरं तर नर्व्हसनेस नसतेच, आपल्याला नक्की काय सांगायचंय ते आपल्यालाच ठरवता आलेलं नसतं आणि शरीर इमानदारीत ते कळवत असतं.

म्हणून पॉवरपॉइंट उघडायच्या आधी एका वाक्यात लिहा: हे ऐकून समोरच्यांनी काय करावं? "बजेट मंजूर करावं", "लाँच एक महिना पुढे ढकलावा", "हा व्हेंडर बदलावा". नुसतं "माहिती द्यायची आहे" असं येत असेल तर बॉसला विचारा की हे ई-मेलने पाठवलं तर चालेल का, मजा नाही करत, बऱ्याचदा चालतं.

त्या वाक्याला आधार देणारे तीन मुद्दे घ्या, फार तर चार. बाकीचं सगळं शेवटी जोडपत्राच्या स्लाईडमध्ये टाका, कोणी विचारलं तर उघडायचं. स्लाईडवर वाक्यं लिहू नका, कारण घाबरलेला माणूस समोर दिसेल ते वाचायला लागतो आणि एकदा वाचायला लागला की त्यातून बाहेर येत नाही.

आणखी एक, जे फार कमी लोक करतात. खोलीत ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला आदल्या दिवशी पाच मिनिटं भेटा, "उद्या मी हे हे मांडणार आहे, तुम्हाला यात काय खटकतंय?" एवढंच विचारा. त्याचा सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच कळतो आणि उद्या खोलीत निदान एक चेहरा असा असतो ज्याला विषय माहीत आहे. माझ्या मते ही एकच गोष्ट श्वासाच्या दहा व्यायामांना भारी आहे.

पायरी ३: काय पाठ करायचं आणि काय अजिबात नाही

घाबरलेली माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतो आयत्या वेळी सुचेल, दुसरा पूर्ण भाषण घोकतो. दुसरा जास्त धोक्यात असतो. शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण आगगाडीच्या डब्यांसारखं असतं, एक डबा घसरला की मागचे सगळे घसरतात, कारण पुढचं वाक्य तुम्हाला अर्थावरून आठवत नसतं, मागच्या वाक्याच्या शेपटीवरून आठवत असतं. माझी तिसऱ्या स्लाईडवर जी गाडी घसरली ती याच्यामुळेच, रात्री एकपर्यंत घोकलं होतं मी.

मी आता फक्त तीन गोष्टी पाठ करतो. पहिली चार-पाच वाक्यं, अगदी झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी. शेवटची दोन वाक्यं, म्हणजे शेवट "तर... एवढंच... थँक्यू" असा विरघळत नाही. आणि एका स्लाईडवरून दुसरीवर जातानाचं जोडवाक्य, उदाहरणार्थ "खर्च कुठे वाढला हे बघितलं, आता तो का वाढला ते बघू". माणूस अडतो तो मुद्द्याच्या मध्यात क्वचित, मुद्दे बदलताना जास्त, म्हणून तिथे कठडा बांधून ठेवायचा.

मधलं सगळं मुद्द्यांवरून बोला, दर वेळी थोडं वेगळं आलं तर उत्तम, म्हणजे तुम्हाला विषय येतोय.

पहिली वाक्यं कशी असावीत? स्वतःची ओळख, अजेंडा, "आज मी आपल्यासमोर सादर करणार आहे" यात जीव नसतो आणि म्हणताना आपल्यालाही धीर येत नाही. सरळ परिस्थितीत शिरा: "गेल्या तिमाहीत आपल्याकडे आलेल्या दर पाच तक्रारींपैकी दोन एकाच कारणाच्या होत्या. ते कारण काय आणि ते दोन महिन्यांत कसं बंद करता येईल, हे सांगायला मी उभा आहे." झालं. आकडा तुमचा, वाक्य तुमचं. पण म्हणायला सोपं हवं, जोडाक्षरांची लांबलचक रांग पहिल्याच वाक्यात नको, कोरड्या तोंडाने ती निघत नाही.

पायरी ४: प्रॅक्टिस, पण मोठ्याने आणि उभं राहून

लॅपटॉपसमोर बसून मनातल्या मनात स्लाईड सरकवणं ही प्रॅक्टिस नव्हे, तो आढावा झाला. ओठ हलले पाहिजेत. त्या दिवशी जे बूट घालणार ते घालून, उभं राहून, हातात क्लिकर घेऊन, घड्याळ लावून.

माझा हिशोब असा की पूर्ण प्रेझेंटेशन तीन वेळा आणि पहिली दोन मिनिटं पंधरा वेळा. आंघोळीला जाताना, जिना चढताना, कुठेही. जिना चढताना मुद्दाम, कारण तेव्हा हृदय आधीच जोरात चाललेलं असतं आणि दम लागलेल्या अवस्थेत तीच वाक्यं म्हणायची सवय होते.

मग फोनवर रेकॉर्ड करा. हे कोणालाच आवडत नाही, मलाही नाही, स्वतःचा आवाज ऐकून कसंतरीच होतं. पण एकदा आवाज बंद करून नुसतं बघा, एकदा न बघता नुसतं ऐका. आवाज बंद केल्यावर हातांचे चाळे दिसतात, नुसतं ऐकल्यावर "म्हणजे", "बेसिकली", "अॅक्च्युअली" किती वेळा येतं ते कळतं. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्या, सगळ्याच घ्याल तर बोलताना स्वतःवरच पहारा देत बसाल, आणि स्वतःकडे लक्ष गेलं की भीती वाढते.

यानंतर माणसं. जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये भीतीवर पायरीपायरीने जायची पद्धत मांडली होती, आधी सगळ्यात कमी भीतीची गोष्ट, ती पचली की त्याच्या वरची. आपल्याला तीच शिडी वापरता येते. आधी रिकामी मीटिंग रूम. मग एक मित्र. मग तिघं, त्यातल्या एकाला सांगायचं की तू अजिबात हसायचं नाहीस, मध्येच फोन बघायचा आणि दुसऱ्या स्लाईडला मला तोडून प्रश्न विचारायचा. हे ऐकायला दुष्ट वाटतं पण खऱ्या मीटिंगमध्ये नेमकं हेच होतं, आणि एकदा ओळखीच्या माणसासमोर ते झालेलं असलं की बोबडी वळत नाही.

मोठं प्रेझेंटेशन वर्षातून दोनदाच येत असेल तर तेवढ्यावर सराव होणार नाही. रोजच्या मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलायचंच असा नियम करा, स्टेटस अपडेट तुम्ही द्या, नवीन माणसाला सिस्टीम समजावून सांगायचं काम मागून घ्या. टोस्टमास्टर्ससारखे क्लब याच कामासाठी आहेत, १९२४ पासून चालू आहेत, तिथे पाच-सात मिनिटं बोलायचं आणि लोक तुमचे "अं... अं..." मोजतात. थोडं शाळेसारखं वाटतं, पण चूक झाली तर नोकरीवर बेतत नाही हा मोठा फायदा.

पायरी ५: आदला दिवस आणि ती सकाळ

आदल्या दिवशी संध्याकाळनंतर स्लाईडला हात लावायचा नाही. रात्री बदललेली स्लाईड सकाळी तुम्हालाच नवी असते.

खोली आधी बघून या, जिथे उभं राहणार तिथे उभं राहा, केबल लागते का, आवाज मागच्या खुर्चीपर्यंत जातो का. फाईल पेन ड्राईव्हवर, ई-मेलमध्ये आणि पीडीएफमध्येही ठेवा. दोन-तीन की लक्षात असू द्या: पॉवरपॉइंटच्या स्लाईड शोमध्ये बी दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे येतं, पुन्हा दाबलं की परत, आणि स्लाईडचा नंबर टाईप करून एंटर मारलं की थेट त्या स्लाईडवर जाता येतं, म्हणजे "एक मिनिट हं" करत बारा स्लाईड मागे जावं लागत नाही.

चहा-कॉफी रोज जेवढी घेता त्यापेक्षा जास्त नको. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि त्याची धडधड आणि भीतीची धडधड आतून एकसारखीच वाटते. पण रोज घेणाऱ्याने त्याच दिवशी बंद करायचा शहाणपणाही करू नये, डोकं दुखत बसेल.

लेझर पॉइंटर घरी ठेवा. पातळ कागदही हातात नको, तो सळसळतो आणि थरथर जाहीर करतो. जाड पुठ्ठ्याचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड, त्यावर फक्त मुद्दे, ठळक अक्षरात.

पायरी ६: शेवटची दहा मिनिटं

कोपऱ्यात उभं राहून नोट्स चाळत बसू नका, काहीही नवीन डोक्यात जात नाही, उलट एखादी ओळ आठवली नाही की घाबरगुंडी उडते. त्यापेक्षा येणाऱ्या लोकांशी बोला, साधं, "प्रवास बरा झाला ना" इतकंच. पहिलं वाक्य बोलताना तोंडातून त्या दिवसाचा पहिलाच शब्द निघतोय असं व्हायला नको.

श्वासाचं एक तंत्र खरंच चालतं. नाकाने श्वास घ्या, भरला असं वाटलं की वर आणखी एक छोटा घोट घ्या, आणि मग तोंडाने हळूहळू, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. असं चार-पाच वेळा. श्वास सोडताना हृदयाचा वेग नैसर्गिकरीत्याच कमी होतो म्हणून सोडणं लांबवायचं. स्टॅनफर्डच्या २०२३ च्या अभ्यासात रोज पाच मिनिटं असं करणाऱ्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. भराभर मोठे श्वास मात्र घेऊ नका, चक्कर आल्यासारखं होतं आणि मग तेच नवीन टेन्शन.

स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणणं सोडा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी एक्सायटेड आहे" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त पटणारी झाली. गंमत म्हणजे धडधड कमी झाली नव्हती. धडधड तीच, तिला दिलेलं नाव बदललं. पळणाऱ्या हृदयाला शांत म्हणणं खोटं वाटतं, जोशात आहे म्हणणं पचतं, असं मला त्यातून कळलं. मी मराठीत "चला, येऊ दे" म्हणतो, तुम्ही तुमचं शोधा.

आणि बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून सुपरहिरोसारखं उभं राहायचा सल्ला कोणी देईल. २०१० च्या एका अभ्यासावरून त्याचा फार गाजावाजा झाला होता की त्याने हार्मोन बदलतात, पुढे जास्त लोकांवर तोच प्रयोग केला तेव्हा हार्मोनवर परिणाम सापडला नाही, आणि मूळ अभ्यासातल्या एका संशोधिकेनेच २०१६ मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नाही असं जाहीर सांगितलं. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा, जादू नाही त्यात. तसंच ते "संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के देहबोली आणि आवाज" हे ट्रेनिंगवाले सांगतात ना, ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलंय, आणि ते प्रयोग भावना कशी पोचते याबद्दल होते, बिझनेसच्या मुद्द्यांबद्दल नव्हते. आकडे चुकीचे असतील तर देहबोली वाचवणार नाही.

पायरी ७: ती दोन मिनिटं

जागेवर पोचा. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट. पाण्याचा एक घोट. एक पूर्ण श्वास सोडा. मग एका चेहऱ्याकडे बघा, ज्याला काल भेटलात तो असेल तर छानच, आणि पहिलं वाक्य फक्त त्याला सांगा, पूर्ण. दुसरं वाक्य दुसऱ्या कोणाला. खोलीभर नजर फिरवत बोलायला गेलं की पंधरा चेहरे एकदम अंगावर येतात, एका वेळी एक असेल तर ती नुसती गप्पा असते.

घाबरल्यावर बोलणं वेगात जातं, म्हणून पहिली वाक्यं तुम्हाला बोअर होईल इतकी हळू बोला, ऐकणाऱ्याला ती बरोबर वेगाची वाटतील. वाक्य संपलं की थांबा. हाताचं काय करायचं हा प्रश्न पडला तर एका हातात कार्ड, दुसरा मोकळा, आपला आपण हलेल.

"सॉरी, मी जरा नर्व्हस आहे", "तयारीला वेळच मिळाला नाही" हे म्हणू नका. लोकांना दिसलेलंही नसतं आणि आपणच बोट दाखवतो, मग ते शोधायला लागतात.

आणि समोर कोणी कपाळाला आठ्या घालून बसला असेल तर त्याचा अर्थ लावू नका. मी एकदा अख्खं प्रेझेंटेशन एका चिडलेल्या दिसणाऱ्या गृहस्थांकडे बघून घाबरत दिलं, नंतर कळलं त्यांची दाढ दुखत होती.

गाडी घसरलीच तर

ब्लँक झालात तर तोंड बंद करा, पाणी प्या, कार्ड बघा. तीन-चार सेकंदांची शांतता कोणाला खटकत नाही. तरीही आठवलं नाही तर आत्ता जे बोललात तेच एका वाक्यात परत सांगा, "म्हणजे आत्तापर्यंत आपण काय बघितलं, तर..." आणि हे म्हणेपर्यंत पुढचं बहुतेक आठवतं. नाहीच आठवलं तर पुढची स्लाईड. तुम्ही काय गाळलंत ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

आवाज थरथरत असेल तर छोटी वाक्यं आणि थोडा मोठा आवाज, हवा जास्त गेली की आवाज स्थिरावतो. कोणी मध्येच "पाच मिनिटंच आहेत" म्हणालं तर पायरी दोनमधलं एक वाक्य, मग तीन मुद्दे स्लाईड न दाखवता. म्हणूनच ते वाक्य आधी लिहायला सांगितलं होतं.

प्रश्न आला की पूर्ण ऐका, आपल्या शब्दांत परत म्हणा, यात विचाराला वेळ मिळतो आणि प्रश्न नीट समजलाय का तेही कळतं. उत्तर येत नसेल तर "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, आज संध्याकाळपर्यंत पाठवतो", आणि खरंच पाठवा. ठोकून दिलेलं उत्तर पकडलं गेलं तर मात्र भंबेरी उडते, आणि ते लोक लक्षात ठेवतात.

ऑनलाईन असेल तर

तिथे वेगळाच त्रास, समोर काळे चौकोन, कोणी हसत नाही, मान डोलवत नाही, म्हणजे ट्रिअरच्या पॅनलसारखंच झालं. एका सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा की कॅमेरा चालू ठेव आणि मान हलव. स्वतःचा चौकोन लपवायची सोय झूममध्ये असते, ती वापरा, आरशासमोर उभं राहून कोणी नीट बोलू शकत नाही. मुद्द्यांची चिठ्ठी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवा. शक्य असेल तर उभं राहून बोला, आवाज सुटतो.

गोळ्यांबद्दल आणि जेव्हा हे पुरत नाही तेव्हाबद्दल

प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी काही लोक प्रेझेंटेशनआधी घेतात, ती बीटा ब्लॉकर आहे, धडधड आणि थरथर कमी करते, डोक्यातल्या विचारांना हात लावत नाही. मूळ हृदयविकारासाठी बनवलेलं औषध आहे हे. दम्याच्या माणसाला त्याने धोका होऊ शकतो, म्हणून मित्राच्या पाकिटातली एक गोळी घेऊन बघतो असं कधीही करू नका, डॉक्टरांनी दिली तरच, आणि दिली तर पहिला डोस मोठ्या दिवशी नको, आधी साध्या दिवशी घेऊन बघा. झोपेच्या गोळ्या किंवा दोन घोट मारून बोलायला उभं राहणं याबद्दल तर काही लिहायलाच नको.

आणि आठ-आठ दिवस आधीपासून झोप उडत असेल, उलट्या होत असतील, प्रेझेंटेशन टाळण्यासाठी प्रमोशन नाकारलं असेल किंवा त्या दिवशी सुट्टीच टाकत असाल, तर ही टिप्सची बाब राहिली नाही. सोशल अँक्झायटीवर, म्हणजे लोकांसमोर जायच्या अशा टोकाच्या भीतीवर, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) म्हणून थेरपी आहे, चांगली चालते, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

झाल्यावर

संपलं की एकदम गळून गेल्यासारखं होतं आणि मग रात्री डोक्यात त्याच त्या एका अडखळलेल्या वाक्याची रेकॉर्ड वाजायला लागते. त्याच्या आत, म्हणजे मीटिंगमधून बाहेर पडल्यावर तासाभरात, तीन ओळी लिहा: काय जमलं, कुठे अडकलो, पुढच्या वेळी काय एक बदलायचं. मग ज्याच्यावर भरवसा आहे अशा एकाला दोनच प्रश्न विचारा, "तुला त्यातलं काय लक्षात राहिलं?" आणि "कुठे कंटाळलास?" कसं झालं असं विचारू नका, सगळे छान झालं म्हणतात.

भीतीला शून्य ते दहामध्ये मार्क द्या, आधीचे, पहिल्या मिनिटाचे, आणि शेवटचे. माझ्या वहीत पहिल्या वर्षीच्या नोंदी ९, १०, ८ अशा आहेत, आता ७, ७, ३ असतात. आधीचा आकडा फारसा हललेलाच नाहीये, हललाय तो शेवटचा. ती वही जवळ ठेवा, आणि पुढचं छोटं प्रेझेंटेशन दोन आठवड्यांच्या आत कॅलेंडरवर टाकून ठेवा, कोणी द्यायची वाट बघू नका, मागून घ्या.